चौथ्या मालकाबरोबर कोइमतूरला

या, अशा जवळ सरकून बसा. अजून जवळ, मला ओरडून बोलवत नाय आता. आणि तो फोन जरा पालथा घाला. तुमचं सगळ्यांचं एक वाईट आहे, राग मानू नका. कुणी परगावाहून आलं की तुम्ही विचारता, "काय काकू, झाला का प्रवास?" आणि मी तोंड उघडेस्तोवर चपला पायात घालून मोकळे. मग मागून एकमेकांत म्हणता, या वयात काकू मोटारीच्या रेसला कशाला गेल्या होत्या. विचारलं असतं तर सांगितलं नसतं का? म्हणून आता बसून लिहिलंच.

तर झालं असं, की माझे धाकटे दीर, प्रभाकर भाऊजी, यांच्याकडं एक गाडी आहे. ही काय आपली रस्त्यावरची गाडी नव्हं. एका माणसापुरती, लांबुडकी, चारी चाकं अंगाबाहेर उघडी, वर छप्पर नाय, बाजूला दार नाय. आत शिरायचं म्हणजे मोज्यात पाय घालावा तसं वरून खाली सरकायचं. इंजिन पाठीमागं, आणि तेही कुठलं, तर काळ्या-पिवळ्या टॅक्सीत असायचं तसलं. अशा गाड्या पूर्वी दक्षिणेकडं लोक हौसेनं बांधायचे. आठवडाभर कारखाना, दुकान सांभाळायचं आणि सुटीच्या दिवशी जुन्या विमानाच्या धावपट्टीवर गोल गोल पळवायची. बक्षीस म्हणजे एक कप आणि टाळ्या.

भाऊजींचं चिकलठाण्याला वर्कशॉप. पाव्हणा आला की चहाच्या आधी गाडी दाखवायची आणि गाडीच्या आधी मालकांची नावं सांगायची, संकल्पात बाप-आजा-पणजा म्हणतात तशी. पहिला मालक कोइमतूरच्या गिरणीवाल्याचा मुलगा, त्याच्यासाठीच ती बांधली. दुसरा कूर्गचा कॉफीच्या मळ्यावाला. तिसरा हैदराबादचा घड्याळांचा व्यापारी. "आणि चौथा मी," असं म्हणून ते छातीला हात लावायचे. आमच्या घरातली पोरं गुणाकार विसरली असतील, पण हे चार मालक विसरली नाहीत.

या हिवाळ्यात कोइमतूरला अशा जुन्या गाड्यांचा रविवार ठरला. तिथं एक रीत आहे. रेसच्या आधी एकेक गाडी सावकाश पुढं येते आणि माइकवर तिचे सगळे मालक ओळीनं वाचतात, पहिल्यापासून आजपर्यंत. भाऊजींना ते ऐकायचं होतं. त्या तीन बड्या लोकांच्या मागं, भर मैदानात, आपलं नाव. पोरीच्या लग्नात ते इतके उतावीळ नव्हते.

माझी जाऊ म्हणाली, "सवतीच्या माहेरी मी कशाला जाऊ? अक्का, तुम्हीच जा. आणि यांच्या साखरेवर नजर ठेवा." म्हणून मी गेले.

विजयपूरच्या पुढं

गाडी ताडपत्री बांधून टेम्पोत चढवली. टेम्पो रफिकचा. रफिक शहागंजातला, पन्नाशीचा, बोलायला लई गोड आणि गाडी चालवायला त्याहून बरा. पुढं आम्ही तिघं दाटीवाटीनं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि माझी गुडघ्याची पट्टी पायाशी.

रस्त्याचं काय सांगायचं, रस्ते आता सगळीकडं सारखेच. पण विजयपूरच्या पुढं वारा असा सुटला की ताडपत्रीची एक बाजू फडफडून उघडी पडली. चहाला थांबलो तर भोवती माणसं. एक म्हातारे बाबा चाकाला हात लावून कानडीत काहीतरी म्हणाले. रफिकनं सांगितलं, "खाला, बोल रहे, विमान का पंख कहाँ गया."

तेवढ्यात पोलीस आला. तरुण, व्यवस्थित. त्यानं कागद मागितले. टेम्पोचे कागद रफिकनं दिले. मग त्यानं मागं बोट दाखवलं. याचे कागद?

आता या गाडीला कागद नसतातच. ती कधी रस्त्यावर आलेली नाय, तिला सरकारी नंबर नाय, विमा नाय. भाऊजी उतरले आणि त्यांनी आपल्या हिंदीत सुरू केलं, "साहब, इसका पहिला मालिक कोइमतूरका गिरणीवालेका लडका." पोलीस ऐकत होता. कूर्गपर्यंत तो ठीक होता. हैदराबादला पोचल्यावर त्यानं विचारलं, चोरीची आहे का? इतके मालक आणि एकाच्याही नावावर नाही?

रफिक मध्ये पडला. "साब, भंगार है. लोहा. कोइमतूर में देने का है."

पोलिसानं वाकून पाहिलं, मान हलवली, जा म्हणाला.

टेम्पोत बसल्यावर भाऊजी लाल झाले. "रफिक, भंगार कुणाला म्हणालास?"

"चाचा, अब चुप बैठो ना. भंगार बोले तो छोडा. मोटार बोलते तो शाम तक यहींच."

"अरे, पण भंगार?"

"हौ, भंगार. आपके वास्ते नहीं, सरकार के वास्ते."

दावणगेरेपर्यंत भाऊजी खिडकीकडं तोंड करून बसले. बरं झालं, माझा जरा डोळा लागला.

कोइमतूर

शहर मला आपल्यासारखंच वाटलं, कारखान्यांचं. सकाळी सात वाजता माणसं डबा घेऊन निघतात. मोटरपंपांच्या दुकानांची रांग बघून तर मला चिकलठाण्यातच आल्यासारखं झालं. फरक म्हणजे लांबवर निळे डोंगर आणि बायकांच्या डोक्यात सकाळीच ताजा गजरा. आपल्याकडं गजरा लग्नाला, नाय तर कुणी आणला तर.

ट्रॅक गावाबाहेर, नारळाच्या झाडांत. तिथं रंगनाथन सर म्हणून एक सत्तरी पार केलेले गृहस्थ होते, पांढरा शर्ट, खिशात टॉर्च. गाड्या तपासायचं काम त्यांचं आणि रविवारी माइकवर नावं वाचायचंही त्यांचंच. पूर्वी सैन्यात होते, त्यामुळं हिंदी चांगलं. ते आमच्या गाडीखाली उताणे झोपले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. मला वाटलं, बरं नाय की काय.

बाहेर आल्यावर त्यांनी हात झटकले. "प्लेट असली है," ते म्हणाले. म्हणजे पुढं पितळेची नंबरपट्टी असते, बांधणाऱ्यानं ठोकलेली. "इंजिन भी ठीक. लेकिन प्रभाकरजी, इसी नंबर की एक गाडी यहाँ पहले से है."

भाऊजी हसले. "कैसे होगी? पट्टी तो मेरे पास है."

"उसके पास पट्टी नहीं है. उसके पास चेसी है."

चेसी म्हणजे गाडीचा सांगाडा, नळ्या जोडून केलेला. बाकी सगळं त्याच्यावर बसवतात. सरांनी शांतपणे समजावलं. पट्टी नसली तरी बांधणाऱ्याच्या जुन्या कारागिरांनी ती चेसी ओळखली होती. त्यांच्याकडं नियम असा, की मालकांची नावं चेसीच्या मागं जातात. पट्टीच्या नाय, इंजिनाच्याही नाय. एका नंबराला एकच वंशावळ. दोघं अडून बसले तर दोन्ही गाड्या बाजूला उभ्या राहतील. म्हणून त्यांनी सरळ विचारलं, "आपकी चेसी वही है? शुरू से?"

भाऊजी म्हणाले, "वही है."

माझ्या हातात त्यांच्या साखरेच्या गोळ्या होत्या. त्या तशाच हातात राहिल्या. कारण ती चेसी ती नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं. मद्रासजवळच्या धावपट्टीवर भाऊजी एकदा वाळूच्या पोत्यांवर जाऊन आदळले, तेव्हा परत येताना इंजिन, गिअरबॉक्स, चाकं आणि पट्टी एवढंच घेऊन आले. वाकडी चेसी तिथंच एका भिंतीला टेकवून ठेवली. पुढं कितीतरी दिवस चिकलठाण्याच्या शेडमध्ये नळ्या कापायचं काम चाललं होतं, आणि त्या दिवसांत डबा मीच नेत होते. हौशी रेसवाल्यांत तेव्हा सगळे असंच करायचे. महाग ते इंजिन, म्हणून गाडी म्हणजे इंजिन. नळ्या काय, मोडल्या की नव्या. फसवायचं कुणाच्या मनातही नव्हतं. गाडी आपण मागं ठेवून आलो असं कुणाला वाटलंच नाय.

संध्याकाळी लॉजच्या पायरीवर मी विषय काढला. "भाऊजी, चेसी तीच?"

"वहिनी, तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"नळी कळते. जुनी आणि नवी तर नक्कीच कळते."

त्यांनी पायरीवरची धूळ हातानं झटकली. मग म्हणाले, "आयुष्य गेलं माझं नावं सांगण्यात. आता या वयात काय सांगू, गाडी मद्रासलाच सोडून आलो व्हतो? अन् चौथा मालक मग कशाचा मी? नळ्यांचा?"

मी म्हटलं, "गोळी घ्या." आणि पाणी पुढं केलं.

डॉक्टरबाईंच्या घरी

दुसऱ्या गाडीच्या मालकीण म्हणजे डॉक्टर वसंती. डोळ्यांच्या डॉक्टर. वय पन्नासच्या आसपास, केस बारीक कापलेले, रविवारी स्वतः गाडी पळवतात. शिक्षण पुण्यात झालेलं, त्यामुळं मराठी थोडं थोडं. ज्यांच्याशी तंटा त्यांनाच त्यांनी सकाळच्या नाश्त्याला बोलावलं. आपल्याकडं असं झालं असतं तर आधी दोन्हीकडचे चार-चार जाणते जमले असते.

नाश्त्याला आप्पे होते, त्याला ते पणियारम म्हणतात, आणि वाटीत ताकातली पेज. चाखून बघितली तर बाजरी! मी म्हटलं, "अहो, ही आमची बाजरी. तुम्ही ही पिता?"

"कंबू," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय करता?"

"भाकरी."

"पुण्यात मी खाल्ली आहे. फार घट्ट."

"मग पुण्यातलीच खाल्ली असंल," मी म्हटलं. त्या जोरात हसल्या. भाऊजी हसले नाहीत. त्यांचं लक्ष मागच्या शेडकडं होतं.

शेडमध्ये ती गाडी. आमच्या गाडीसारखी लखलखीत नव्हती. रंगाचे पापुद्रे सुटलेले, एका ठिकाणी लाल, त्याखाली पिवळा, त्याखाली हिरवा. भाऊजी तिच्याभोवती एकदा फिरले. मग म्हणाले, "बसू का जरा?"

"बसा की."

रफिकनं काखेत हात घालून त्यांना वरून आत सोडलं. भाऊजी पाय पुढं सरकवत सरकवत खाली गेले, आणि डावा गुडघा एका जागी जाऊन टेकला. त्या जागी डाव्या बाजूची नळी बाहेर वाकलेली होती, कोपर मुडपावं तशी.

भाऊजींचा डावा गुडघा पुरता वाकत नाय. लहानपणी विहिरीच्या कठड्यावरून पडले होते. क्लच दाबायचा तर गुडघ्याला बाहेर जागा लागते. हैदराबादहून गाडी आणल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते ही नळी बाहेर वाकवून घ्यायचं. पुढं नवी चेसी केली तेव्हा बसायची सगळी जागाच रुंद घेतली, त्यामुळं तिला असा बाक नाय.

डॉक्टरबाई बाजूला उभ्या राहून सांगत होत्या, "हा पाइप असा का, कोणाला माहीत नाही. सर म्हणतात अपघातात वाकला. पण मग वेल्डिंग कोणी केलं? माझा गुडघा तिथपर्यंत पोचत पण नाही. या उन्हाळ्यात मी तो कापून सरळ करणार होते."

"नका कापू," भाऊजी म्हणाले.

"का?"

"माझा गुडघा हाय तो, बाई."

त्यांना मराठी कळलं, अर्थ नाय कळला. मग भाऊजींनी आत बसूनच सगळं सांगितलं. पोती, भिंत, नुसतं इंजिन घेऊन केलेला परतीचा प्रवास. काही लपवलं नाय, काही रंगवलंही नाय. चेसी वही है असं काल म्हणालो ते खोटं, हेही सांगितलं. एखादा जुना आजार डॉक्टरला सांगावा तसं.

डॉक्टरबाईंनी त्या वाकड्या नळीवर हात ठेवला. मग त्या म्हणाल्या, "दर वर्षी सर माझ्या गाडीची नावं वाचतात. पहिला, दुसरा, तिसरा. आणि मग म्हणतात, चौथा मालक, नाव माहीत नाही. मग मद्रासचा भंगारवाला. मग मी."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

म्हणजे माणूस ज्यासाठी इतक्या लांब आला, ते त्याच्या पाठीमागं दर वर्षी चाललंच होतं, बिनानावाचं. रफिक हळूच म्हणाला, "चाचा, आप मशहूर थे, किसी को मालूम नहीं था."

मला त्या वेळी आपल्याकडची वाटणी आठवली. भाऊ वेगळे होतात तेव्हा देव थोरल्याकडं राहतात. धाकटा नवे टाक घडवून घेतो, पण ते तसेच देव्हाऱ्यात मांडत नाय. आधी थोरल्याच्या घरी नेऊन जुन्या टाकांना भेटवून आणतो. मग दोन्ही घरचे देव खरे, पण जुने कुठले आणि नवे कुठले, हे सगळ्यांना माहीत असतं. मी डॉक्टरबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग माझ्याकडे जुने."

"व्हय. तुमच्याकडं जुने."

रंगनाथन सरांना फोन केला. ते आले, त्यांनी नळीचा बाक पाहिला, भाऊजींच्या गुडघ्याकडं पाहिलं, आणि म्हणाले की मग आमची गाडी मागाहून बांधलेल्या गाड्यांत जाईल. त्या गाड्यांची नावं वाचत नाहीत. नुसता आकडा चिकटवतात.

"चलेगा," भाऊजी म्हणाले.

ट्रॅकवर परत गेल्यावर त्यांनी पाना घेतला आणि आपल्या गाडीची पितळेची पट्टी स्वतः काढली. एक स्क्रू गंजला होता, तो निघता निघेना. रफिक पुढं झाला तर त्याला हातानंच थांबवलं. निघाल्यावर पट्टी धोतरासारख्या मऊ फडक्यानं पुसली आणि डॉक्टरबाईंच्या हातात दिली. "उजव्या बाजूला लावायची," एवढंच बोलले. पट्टीच्या जागी आमच्या गाडीवर चार भोकं राहिली.

रविवार

सकाळपासून ऊन. बायका नेसून-सजून आलेल्या, पोराबाळांना टोप्या, जत्रेसारखंच, फक्त नारळ फोडायची गर्दी नाय. एकेक गाडी सावकाश पुढं यायची आणि माइकवर सरांचा आवाज. कुणाचे तीन मालक, कुणाचे सात. एका गाडीला बापानंतर मुलगी मालक, आणि मधे एकदा कर्जापायी पतपेढी. लोक त्यालाही टाळ्या वाजवत होते.

डॉक्टरबाईंची गाडी आली. भाऊजी दोरीपाशी उभे, हेल्मेट काखेत. सरांनी वाचलं, पहिला, दुसरा, तिसरा. मग त्यांनी कागदावरून डोळे काढले आणि म्हणाले, "चौथे मालिक, प्रभाकरराव, औरंगाबाद." आता गावाचं नाव बदललंय, पण तेव्हा ते तेच होतं, त्यामुळं बरोबरच.

मी भाऊजींकडं पाहिलं. ते म्हणाले, "उच्चार ठीक केला." आणि हेल्मेट घालायला वळले. त्यांची हनुवटीची पट्टी बसेना, ती मी लावून दिली.

आमच्या गाडीचं नाव कुणी घेतलं नाय. आकडा होता, निळ्या चिकटपट्टीचा. भाऊजींनी ती पळवली. दुसऱ्या वळणाला गिरकी घेऊन तोंड उलटीकडं झालं, आणि समोरून येणाऱ्या गाड्यांना ते हात वर करून दाखवत होते, या, या, तुम्ही पुढं व्हा, पंगतीत म्हणतात तसं. मग पुन्हा सरळ होऊन निघाले. शेवटून दुसरे आले. तेही एकाचं इंजिन बंद पडलं म्हणून.

गाडीतून त्यांना मी आणि रफिकनं ओढून काढलं. रंगनाथन सर टॉर्च खिशात ठेवत जवळ आले. चार भोकांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "यह गाडी बनाई किसने?"

"मैंने."

"पहला मालिक?"

"मैं."

"और दूसरा?"

भाऊजी घाम पुसत उभे राहिले. इतकी वर्षं मागं मोजत आलेला माणूस. पुढचं त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. ते म्हणाले, "अभी नहीं है."

"तो फिर देखिए," सर म्हणाले, आणि पुढच्या गाडीकडं गेले.

परत येताना भाऊजी चित्रदुर्गपासून एकच बोलत होते. उंचीला बरा पाहिजे. हाताला घाई नको. इंजिनाचं तेल स्वतः बदलणारा पाहिजे. मुलगी असली तरी चालंल, उलट बरंच. रफिक म्हणाला, "चाचा, रिश्ता देख रहे क्या?" तर म्हणाले, "व्हय, तसंच समज." ज्या गाडीला त्यांनी जन्मभर कुणाला हात लावू दिला नाय, तिच्यात आता येईल त्याला बसवून बघतात. परवा औरंगपुऱ्यातल्या कापडवाल्याला बसवलं. तो पोटापाशी अडकला. पोस्टमन बसला, पण त्याला आवाजाची भीती वाटली. जाऊ कपाळाला हात लावते, पण बसायला येणाऱ्याला चहा तीच देते.

तर तुम्ही आता मनावर घ्या. लांबून विचारपूस लई झाली. ज्वारी आत्ता दाण्यात आहे, शेतावर हुरडा चालू आहे, चटणी मी केली आहे, आणि दाणा टणक झाला की मग येऊन उपयोग नाय. लवकर या. तुमच्या पोरीलाही घेऊन या, तिला घाई नसते हे मला माहीत आहे. फक्त येण्याआधी तिच्या पायाची लांबी तेवढी कळवा. भाऊजी म्हणतात, पेडलं मागंपुढं करायला एक दिवस लागतो.